धनबीर लोहाराची शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे. लोखंडाची, तीन पायांची, एका अंगाने पोचे आलेली. पूर्व नेपाळच्या डोंगरात मला मकल म्हणतात, पण तुम्ही शेगडी म्हटलेत तरी मी ओ देईन. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा, अडगळीत फेकू नका. माझे तसले काही मागणे नाही. माझ्या निखाऱ्यांनी एका सोळा वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. ही गोष्ट पोटात ठेवून तुमच्याशी गोड बोलणे मला जमणार नाही, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

माझा जन्म धनबीर लोहाराच्या भट्टीत झाला. रस्त्याच्या कामावरून त्याला डांबराचे एक रिकामे पिंप मिळाले होते. ते कापून त्याने माझे पोट केले, सळईचे तुकडे वाकवून पाय केले आणि तळाला भोके पाडली. एका पायावर छिन्नीने तीन आडव्या रेघा मारल्या. त्याच्या हातच्या प्रत्येक वस्तूवर ती खूण असे, मग तो कोयता असो की खुरपे. भाता ओढायला त्याची सहा वर्षांची मुलगी होती, मनरूपा. तिचे वजन भात्याला पुरत नसे, म्हणून ती दोरीला लोंबकळायची. आणि बडबड तर अशी, की धनबीर कपाळाला हात लावून म्हणायचा, "अगं, तुझ्या तोंडालाच नळी जोडली असती तर भट्टी कधीच पेटली असती!" हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे ज्यांनी तिला पाहिले त्यांना हे कधीच खरे वाटले नसते.

धनबीर कोळसा स्वतः पाडायचा. त्याचा धाकटा भाऊ एका हिवाळ्यात कोळशाच्या राखणीला रानातल्या खोपीत राहिला होता. त्याने ऊब म्हणून निखारे आत घेतले, दार ओढून घेतले आणि तो पुन्हा उठलाच नाही. खोपीत धुराचा मागमूस नव्हता. त्यानंतर धनबीर मुलीला पुन्हा पुन्हा बजावत असे, "हे बघ पोरी, धूर परवडला. तो डोळ्यांत जातो, खोकला काढतो, माणूस बाहेर तरी पळतो. लाल निखारा गुपचूप काम करतो. तो घरात असेल तर खिडकी उघडी हवी. थंडी वाजली तर वाजू दे, थंडीनं कोणी लगेच मरत नाही." मनरूपा भाता ओढता ओढता "हो बा, हो बा" म्हणायची. मी तेव्हा तिच्या शेजारीच थंड होत पडले होते.

मग मला हाटात नेले. टेकडीवरच्या शाळेच्या मुलींच्या वसतिगृहासाठी तिथल्या स्वयंपाक्याने मला घासाघीस करून विकत घेतले. तो ब्राह्मण होता, वयाने उतरलेला, आणि त्याला सगळे बाजे म्हणत, म्हणजे आजोबा. लोहाराच्या हातची वस्तू आमच्याकडे चालते, लोहाराच्या हातचे पाणी चालत नाही. त्यामुळे मला अंगणात ठेवून बाजेने माझ्यावर सोन्याची अंगठी बुडवलेले पाणी शिंपडले. मी शुद्ध झाले म्हणे. मला स्वतःला तर काहीच फरक जाणवला नाही.

सात हिवाळे मी तिथे मान मिळवला. विजेची तार अजून टेकडीपर्यंत पोचली नव्हती. बाजे मला अंगणात पेटवायचा, सगळा धूर निघून जाईपर्यंत बाहेरच ठेवायचा आणि कोळसे लालबुंद झाले की मुली मला उचलून मोठ्या दालनात न्यायच्या. धूर गेला म्हणजे भीती गेली, हे बाजेचे गणित होते आणि त्या डोंगरावर सगळ्यांचेच. दालनाच्या अर्ध्या काचा फुटलेल्या होत्या, पत्र्याखालून वारा आरपार वाहायचा, म्हणून ते गणित कधी चुकले नाही. मुली माझ्याभोवती कोंडाळे करून बसायच्या, मक्याचे दाणे भाजायच्या, मोजे वाळवायच्या. "ही मकल नसती तर आपली बोटं झडली असती गं," असे कोणी म्हटले की माझी छाती फुगायची. कौतुक कोणाला आवडत नाही?

मग एका वर्षी आठवीच्या वर्गात मनरूपा आली. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती एकटीच टेकडी चढली. धनबीर खालच्या वळणावरूनच परत फिरला होता. वहीत तिचे नाव लागले मनरूपा रिजाल. रिजाल आमच्याकडे ब्राह्मणही असतात आणि लोहारही. हेडसरांनी नाव लिहून घेतले आणि पुढे काही विचारले नाही. बापाने पोरीला निघताना एवढेच सांगितले होते, की कोणी विचारले नाही तर आपण होऊन सांगू नकोस.

पण मुली विचारतातच. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणाले, "तुझे बाबा काय करतात?" मनरूपा म्हणाली, "आसामात असतात." आमच्याकडची निम्मी माणसे आसामात असतात, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. मात्र त्या एका खोट्याने तिचे तोंड शिवले गेले. बोलणे कशावरूनही सुरू होवो, ते फिरून घरापाशी येतेच. आईचे, शेताचे, सणाचे, कशाचेही नाव काढले की पुढे आणखी दोन खोटी बोलावी लागणार, हे तिने ओळखले. म्हणून तिने बोलणेच सोडले. जेवायला ती रांगेच्या टोकाला बसायची आणि दालनात दाराला लागून, म्हणजे कोणी काही विचारू लागले की उठून जाता यावे. महिन्याभरात तिचे नाव पडले मुकी.

थंडी सुरू झाली तेव्हा राख काढायचे काम तिच्याकडे आले. एका सकाळी ती मला अंगणात पालथी करत होती. माझ्या पायावरच्या तीन रेघा तिला दिसल्या आणि ती तिथेच बसली. इकडेतिकडे पाहून तिने त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि ओढणीने डोळे पुसले. त्या टेकडीवर तिला खरी ओळखणारी मी एकटी होते, आणि माझा तिला काय उपयोग?

एक वर्ष असेच गेले. मग नववीत पेमा आली. वर उत्तरेच्या बर्फाळ गावातली शेर्पा मुलगी. केस कमरेच्या खाली, गाल थंडीने फाटलेले आणि तोंडात सदा वाळक्या चीजचा दगडासारखा तुकडा. तिचा आवाज अंगणापलीकडून ऐकू यायचा. बापाने दिलेली बटाट्यांची गोणी तिने पलंगाखाली सरकवली आणि पहिल्याच संध्याकाळी चार बटाटे माझ्या निखाऱ्यांत खुपसले.

"ए, दारात बसलीयस ती!" ती ओरडली. "बटाटा खाणार का? हो म्हणायचं असेल तर मान हलव. नाही म्हणायचं असेल तर नुसती बस, म्हणजे मी हो समजेन."

मुली खिदळल्या. कोणीतरी म्हणाले, "ती मुकी आहे."

"मग बरंच आहे की! मला बोलायला जास्त वेळ मिळेल."

बटाटा करपायला लागला होता. मनरूपा पुढे सरकली आणि काही न बोलता तिने उघड्या बोटांनी निखारा बाजूला सारला, बटाटा उलटला, हात मागे घेतला. भट्टीपाशी वाढलेल्या पोरीचे ते काम. पेमाचे डोळेच विस्फारले. "अगं बाई, ही बोटं आहेत की चिमटा?" ती म्हणाली. मनरूपाला हसू फुटले. आठवीपासून मी तिला पाहत होते, पण हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तिसरी होती सबित्रा. वर्गात पहिली येणारी, पंडितांच्या घरातली, नाकाचा शेंडा जरा वरच असलेली. तिला सगळे तोंडपाठ व्हायचे, पण भूमितीची आकृती दिसली की ती घामाघूम व्हायची. एकदा ती वही आपटून रडकुंडीला आली, तेव्हा मनरूपाने माझ्यातली गार राख फरशीवर पसरली, काडीने त्यात त्रिकोण काढला आणि कोन कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवले. सबित्रा बघतच राहिली.

"हिला सगळं येतं आणि ही सांगत नाही! चोरटी कुठली!"

त्या राखेवर तिघींची मैत्री जमली. मनरूपाचे ओठ हळूहळू उघडले, आधी एक शब्द, मग एक वाक्य. एके दिवशी तर तिने वॉर्डन गोमा मिसची नक्कल केली, चष्मा नाकाच्या टोकावर आणि आवाज बसलेला, "मुलींनो, हसायचं असेल तर रांगेत हसा." पेमा हसता हसता पलंगावरून खाली पडली. दहावीत गेल्यावर वर्गात मनरूपा हात वर करू लागली. हेडसरांनी तिला फळ्यापाशी बोलावले तर ती मान वर ठेवून गेली. मला वाटायचे, धनबीरला हे कोणीतरी जाऊन सांगावे.

पण मनातला खडा जागच्या जागी होता. सबित्रा मनरूपाच्या ताटातला घास उचलून खायची आणि त्याच तोंडाने सहज सांगायची, "आमच्याकडे कामी आला ना, तर आई ओसरीवरसुद्धा चढू देत नाही. तो गेल्यावर पाणी शिंपडते." कामी म्हणजे लोहार. तिच्या मनात दुष्टपणा नव्हता. घरी पाहिलेले ती बोलत होती. मनरूपा मात्र ताट बाजूला सारायची. पेमाला ते कळायचे, कारण बडबडी असली तरी ती आंधळी नव्हती. एकदा राख भरताना ती म्हणाली, "तुला मला काहीतरी सांगायचंय. कधीची बघतेय."

"लोखंडी दरवाजा ओलांडला की सांगते," मनरूपा म्हणाली. दहावीच्या परीक्षेला आमच्याकडे लोखंडी दरवाजा म्हणतात.

"बघ हं. मी विसरणार नाही. विचारून विचारून जीव खाईन तुझा."

हिवाळ्यात शाळा बंद होते आणि सगळ्या घरी जातात. दहावीच्या मुली तेवढ्या जादा वर्गांसाठी मागे राहतात. त्या वर्षी अकराजणी राहिल्या. आठ जणी जुन्या दालनात, आणि या तिघींना नवी खोली मिळाली. सिमेंटच्या भिंती, घट्ट बसलेल्या काचा, वाऱ्याला आत यायची सोयच नाही. पोरी खूष झाल्या. मीही झाले, कारण तिथे माझी ऊब टिकायची. बाजे मला आत ठेवून जाताना सवयीने खिडकी ढकलून उघडी ठेवायचा, ते पोरींच्या काळजीने नव्हे, तर कोळशाच्या वासाने त्याचे डोके चढायचे म्हणून.

तो दिवस शनिवार होता. शनिवार आमचा सुट्टीचा वार, मुलींचा न्हायचा वार. पाच दिवस धुक्यामुळे सूर्य दिसला नव्हता. बाजेचा भाऊ वारला होता, म्हणून तो तेरा दिवसांसाठी गावी गेला होता. गोमा मिस हाटात गेल्या होत्या. तिघींनी पाणी तापवून केस धुतले आणि मला स्वतःच पेटवले. रीत मोडली नाही. धूर पार निघून जाईपर्यंत मला अंगणातच ठेवले, कोळसे लाल झाल्यावर आत आणले. माझ्यात त्या दिवशी कोळसा काठोकाठ भरला होता, कारण पेमाचे केस वाळायला वेळ लागायचा.

सबित्राने खिडकी लावली. वर फटीत वर्तमानपत्र कोंबले, खाली शाल दाबली. "आता शिंक जरी आली ना, तरी बाबा मला जिवंत ठेवणार नाहीत. परीक्षेला दोन महिने उरलेत," ती म्हणाली. पेमा माझ्यावर ओणवी होऊन केस पसरून बसली. मनरूपा तिच्या जुन्या जागी, दाराला टेकून. दाराखाली अंगठ्याएवढी फट होती.

मनरूपाने खिडकीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"खिडकी जरा उघडी ठेवूया का?" ती म्हणाली.

"वेडी आहेस का? केस ओले आहेत," सबित्रा म्हणाली.

"नाही, पण निखारे आहेत ना आत..."

"मग? धूर कुठंय? जरा तरी दाखव मला."

"धुराचं नाही गं. निखारासुद्धा..."

पेमाने केसांमधून डोके वर काढले. ती हसत होती. "ए मुके, तुला निखाऱ्यातलं काय कळतं एवढं? तू काय लोहाराची आहेस?"

सबित्राही हसली. पेमाला काही माहीत नव्हते, ती नेहमीसारखी थट्टा करत होती. मनरूपाचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. तिच्या जिभेवर उत्तर तयार होते. "हो" एवढेच ते उत्तर. ते म्हटले असते तर खिडकी उघडली असती, आणि ताट, पलंग, राखेतले त्रिकोण, हे सगळे त्या खिडकीतून बाहेर गेले असते, असे तिला वाटले. मित्रांनो, तिला वाटले ते खोटे नव्हते.

"काही नाही," ती म्हणाली.

मी लोखंड आहे. मला स्वतःला विझवता येत नाही. हवेतले चांगले ते मी खात राहिले आणि वाईट ते सोडत राहिले. सबित्रा राजांची नावे पाठ म्हणत होती, ती मध्येच थांबली. "माझं डोकं ठणकतंय," ती म्हणाली. "ओल्या केसांनी ठणकतं," पेमा जड आवाजात म्हणाली, "वाळले की थांबेल." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पाच मिनिटं पडते. मग उठवा मला." तिने गुडघ्यांवर डोके टेकवले.

मनरूपाचेही डोके दुखत होते. तिचे केस तर केव्हाच वाळले होते. तेव्हा तिला चुलत्याची खोपी आठवली असणार, कारण ती एकदम "पेमा!" म्हणून उठली आणि तिचे पाय तिच्याखाली दुमडले. रांगत जाऊन तिने कडी काढली, दार ढकलले आणि उंबरठ्यावर आडवी पडून ती ओरडली. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे त्या वसतिगृहाला ठाऊक नव्हते. जुन्या दालनातल्या मुली धावत आल्या. सबित्राला ओढून बाहेर काढले, ती ओकली आणि शुद्धीवर आली. पेमाला बाहेर काढले. तिचे गाल लाल होते, नेहमीपेक्षाही लाल, त्यामुळे मुलींना किती तरी वेळ वाटत राहिले की ती झोपलीच आहे. त्या तिला हलवत होत्या, तळवे चोळत होत्या, हाका मारत होत्या. पेमा उठली नाही.

दुपारनंतर हेडसर आले, गोमा मिस हाटातून धावत आल्या. मिस रडत होत्या, हे मी नाकारणार नाही. पण रडता रडताच त्यांनी फटीतले वर्तमानपत्र काढून चुरगाळले, खिडकी सताड उघडली आणि मला पाण्याने विझवून संडासामागच्या उतारावर भिरकावून दिले. माझ्या अंगाला पोचे आले ते तेव्हा. तिथे खाजऱ्या पाल्याचे रान माजले होते, कोणी हात घालणार नाही अशी जागा. शाळेने ठरवले की पेमाला तीन दिवस ताप होता, थंडी छातीत उतरली, आणि बाप पोचायच्या आतच तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सबित्राचे वडील येऊन तिला पाठीवर घालून घेऊन गेले. त्या खोलीतली मागे राहिली ती मनरूपा.

संडासाच्या भिंतीपलीकडे गोमा मिस तिला समजावत होत्या, ते मला पाल्यातून ऐकू आले. "तू कधी बोलत नाहीस ना? मग आता तरी कशाला बोलतेस? गेलेली परत येणार आहे का? शाळा बंद पडली तर दहाजणींचं वर्ष जाईल. तुझंही. मी तुझ्या भल्याचं सांगतेय, पोरी." मनरूपा काही बोलली नाही. मिसना वाटले, जमले.

पेमाचा बाप आंग दावा निरोप मिळून पाचव्या दिवशी पोचला. दोन दिवस डोंगर उतरून आला होता तो. अंगणात लेकीच्या पेटीवर बसला आणि हेडसर त्याला तापाचे सांगू लागले. तो सगळे शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, बर्फात जन्मली हो ती. तिला कधी शिंक आलेली मी पाहिली नाही. इथं, खाली, थंडीनं कशी गेली?" त्याने पेटीच्या कडेवरून हात फिरवला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "पांघरूण जाड द्यायला हवं होतं मी. तिची आई म्हणत होती, आणखी एक दे, आणखी एक दे. मी म्हटलं, ओझं होईल."

तेवढ्यात पाला सळसळला. मनरूपा उतारावर आली होती. तिने दोन्ही हात त्या खाजऱ्या रानात घातले आणि मला ओढून काढले. कोपरांपर्यंत तिच्या हातांवर फोड उठले. मला छातीशी धरून ती अंगणात आली आणि तिने मला आंग दावाच्या पायांपाशी ठेवले.

"पांघरुणामुळे नाही गेली ती," ती म्हणाली. "बंद खोलीत ही पेटलेली होती. हिच्या निखाऱ्यांनी गेली."

"मनरूपा, आत जा," हेडसर म्हणाले.

"नाही जाणार." तिने मला कलती करून माझा पाय दाखवला. "ही मकल माझ्या बाबांनी बनवलीय. ही खूण बघा, त्यांचीच आहे. माझे बाबा आसामात नाहीत. ते कामी आहेत, धनबीर कामी. बंद घरात निखारा माणसाला मारतो, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी खिडकी उघडूया म्हटलं, पण पेमानं विचारलं की तुला काय कळतं, तू काय लोहाराची आहेस, आणि मी गप्प बसले. हो म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला ताटावरून उठवलं असतं. म्हणून मी गप्प बसले."

बाजे त्याच सकाळी परतला होता, मुंडण केलेला, पांढऱ्या कपड्यांत. पाहुण्यासाठी चहाचा पेला घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अडीच वर्षे त्याने या पोरीला स्वतःच्या हाताने वाढले होते. त्याने तिच्याकडे पाहिले, पेला तिथेच उंबऱ्यावर ठेवला आणि तो आत निघून गेला.

आंग दावाने माझ्या पायावरच्या रेघा पाहिल्या. मग त्याने विचारले, "तुला लोहाराची आहेस का म्हणाली, तेव्हा ती चिडून म्हणाली की हसत?"

"हसत," मनरूपा म्हणाली.

"हसत होती म्हणजे." त्याने मान हलवली. पुढे तो म्हणाला, "आज इतक्या लोकांसमोर मोठ्यानं सांगितलंस. त्या दिवशी नुसतं..." ते वाक्य त्याने पुरे केले नाही. उठला, लेकीची पेटी पाठीवर बांधली. मनरूपा त्याच्या पाया पडायला वाकली तर तो बाजूला झाला. रागाने की दुःखाने, मला कळले नाही. तो वाट चढून दिसेनासा होईपर्यंत ती तिथेच वाकून उभी होती.

त्या संध्याकाळपासून मनरूपाचे ताट बाहेरच्या पायरीवर वाढले जाऊ लागले. कोणी तसा हुकूम काढला नाही, कोणाला काढावाही लागला नाही. ती पायरीवर जेवायची, आपले ताट आपण घासायची आणि अभ्यासाला बसायची. परीक्षेच्या तोंडावर सबित्रा परत आली. पहिल्या दिवशी ती भरलेले ताट हातात घेऊन जेवणघराच्या दारात उभी राहिली. तिला आत बसवेना आणि बाहेर येववेना. भात गार झाला तरी ती उभीच. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि मनरूपाच्या वरच्या पायरीवर बसली.

"खिडकी मी लावली होती," सबित्रा म्हणाली.

"आणि मी उघडली नाही," मनरूपा म्हणाली.

यापलीकडे त्या दोघी त्याविषयी कधी बोलल्या नाहीत. परीक्षा संपेपर्यंत दोघी पायरीवरच जेवल्या. सबित्राच्या घरी ही बातमी पोचली तेव्हा तिच्यावर किती पाणी शिंपडले गेले, ते मला माहीत नाही.

मनरूपा पास झाली. तिला न्यायला धनबीर आला, आणि या खेपेला खालच्या वळणावर न थांबता थेट अंगणात आला. मला पाहताच त्याने घण मागितला. स्वतःच्या हातची वस्तू त्याला स्वतःच्या हाताने मोडायची होती. मनरूपाने त्याला मोडू दिले नाही. आज ती खालच्या खेड्यात लहान मुलांना शिकवते. थंडी पडू लागली की ती मला रिकामीच वर्गात आणते, मध्ये ठेवते आणि पेमाची गोष्ट सांगते, स्वतःचा वाटा न वगळता. दरवर्षी एखादे पोर विचारतेच, "मिस, मग तुम्ही बोलला का नाही?" दरवर्षी ती खरे उत्तर देते. इतकी वर्षे झाली, पण त्या वेळी तिचा हात माझ्या काठावर घट्ट आवळला जातो.

मित्रांनो, मला घासू नका, रंग देऊ नका. थंडीच्या दिवसांत खोलीत निखारे घेतलेत तर खिडकी उघडी ठेवा, धूर असो वा नसो. आणि तुमच्यातली एखादी गप्प मुलगी कधी काही सांगायला तोंड उघडेल आणि मग मध्येच "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर तिला सोडू नका. हसू आवरा आणि तिला पुन्हा एकदा विचारा. पेमाने विचारले असते. ती विचारणारी मुलगी होती. मीच तिला तेवढा वेळ दिला नाही.